कोरडी ठेवजो

"म्हणजे पोरगी इथं आणि तिचा तुकडा मुंबईला," गोदा म्हणाली. "मग त्याच्या सोबतीला कोण गेलंय?"

राघोने पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि वहिनीकडे बघितलं. ठाण्याहून आगगाडीने कल्याण आणि कल्याणहून बैलगाडीने शहाड, एवढ्या वाटेत आई काय काय विचारील त्याची उत्तरं त्याने जुळवून ठेवली होती. हा प्रश्न मात्र त्याला सुचलाच नव्हता.

बायजाने रतनला कडेवरून उतरवून ओसरीवरच्या घोंगडीवर निजवलं. सात वर्षांची पोर काही कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती, पण वेशीपासून घरापर्यंत बायजाने तिचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. पोरीच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती, आणि त्या पट्टीला दवाखान्याचा असा काही उग्र वास येत होता की गोठ्यातली म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली.

"बाटलीत घातलाय, आत्याबाय," बायजा सासूला म्हणाली. "इवलासा. मसुरीच्या दाण्याएवढा. मुंबईचा मोठा डाकतर तो दुर्बिणीखाली धरनार आणि गाठ कसल्या जातीची ते सांगनार. चांगल्या जातीची असली तर आपोआप जिरंल. नायतर पुढचं बघायचं."

"आणि बाटलीत काय हाय?"

बाटलीत दारूचा अर्क होता, आणि हे घर तीन पिढ्यांचं माळकरी.

"पाणी," राघो म्हणाला.

पोर हसत घरी आली होती, तेव्हा त्या दिवशी एवढ्यावर भागलं. पण एवढ्यावर यायलाच या घराला हिवाळा जावा लागला होता. दिवाळीत रतनच्या मानेवर, डाव्या कानाखाली, बोराएवढी गाठ दिसली. शिमग्यापर्यंत ती सुपारीएवढी झाली. दुखत नाही हेच वाईट, असं धाकू म्हणत होता. धाकू म्हणजे गोदाच्या गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, घराण्यातला आता एकटाच वडीलधारा पुरुष. गाठीगळवांवर डाग देण्यात त्याचा हात आसपासच्या गावांत नावाजलेला. सळईचं टोक निखाऱ्यात लाल करायचं आणि गाठीवर टेकवायचं. बरा झाला तो जन्मभर धाकूचं नाव काढायचा. नाही झाला तो तक्रार सांगायला उरत नसे.

रतनला डाग द्यायचा म्हटल्यावर तिची आई शालू रडली, पण बोलली नाही. बाप राघो बोलला, पण काकापुढे त्याचा आवाज निघेना. उभी राहिली ती बायजा, थोरली सून. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि शालूची दुसरी खेप अवघड गेल्यापासून रतन तिच्याच कुशीत निजत होती. घरात सगळ्यांदेखत तिने सासूला एकच विचारलं होतं. मारुतीरायाच्या कीर्तनात दरसाल ऐकतो आपण, बाण लागून लढाई थांबली तेव्हा वैद्य कुठला आणला? लंकेतला. शत्रूच्या घरातून उचलून आणला. देवाला लंकेचा वैद्य चालला, मग आपल्याला ठाण्याचा पारशी डाकतर का चालू नये?

कीर्तनातलं प्रमाण आल्यावर गोदाचा नाइलाज झाला. ती बाई सगळ्या जगाशी भांडेल, हरिदासबुवांच्या शब्दाशी भांडणार नाही. तिने निवाडा दिला. डाकतराकडे न्या. मुंबईचं उत्तर येईस्तोवर कुणी पोरीला हात लावायचा नाही. पण मधेच जखम चिघळली, पोरीला ताप भरला, तर मग धाकूभावजी म्हणतील तसं. आणि तेव्हा कुणी मारुतीरायाला मधे आणायचं नाही.

म्हणून बायजाचा जीव त्या पट्टीत अडकून होता. पट्टीखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं, सोडून बघायची परवानगी नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून डॉक्टरने जाताना जे सांगितलं तेवढाच काय तो आधार. त्याची मराठी गुजरातीच्या वळणाची. त्याने कडेवरच्या पोरीकडे बोट उंच करून बजावलं होतं, "छोकरीला कोरडी ठेवजो. बिलकुल कोरडी. पट्टी छोडायची नाय. बुधवारी परत घेऊन येजो."

बायजाने ते शब्द गाडीत मंत्रासारखे घोकले होते. तिचं माहेर कळव्याचं, बाप मिठागरावर राबलेला. कोरडं म्हणजे काय, ते तिला दुसऱ्याने शिकवायची गरज नव्हती. पाणी आटतं तेव्हा मीठ पिकतं, अवकाळी चार थेंब पडले की पिकलेलं वाहून जातं. माणसाचं अंग तरी वेगळं काय असणार? आत ओल राहिली तर जखमेला पाणी सुटणार. डॉक्टर शिकलेला माणूस, त्यालाही मिठागरावरचंच शहाणपण ठाऊक आहे, याचं तिला मनातून बरं वाटलं होतं.

तर दुसऱ्या दिवसापासून रतनचं कोरडं सुरू झालं. तांदळाची भाकरी, तिच्यावर तिळाची सुकी चटणी. भाजलेले चणे. कुरमुरे. उडदाचा पापड, चुलीत खरपूस केलेला. आमटी नाही, ताक नाही, पेज नाही. पाणी मागितलं तर बायजा पळीत घेऊन ओठ ओले करायची आणि म्हणायची, "बस झालं माझी बाय. सुकू दे आतून."

रतनला सुरुवातीला गंमत वाटली. शेजारची पोरं कुंपणाशी येऊन विचारायची, मानेला भोक पडलंय का, त्यातून बोललेलं ऐकू येतं का. ती चणे खात ऐटीत सांगायची की तुकडा मुंबईला गेलाय आणि तो परत आला की मुंबईत काय काय बघितलं ते सांगणार आहे. कुरमुरे दिवसभर खायला मिळतात म्हटल्यावर दोन पोरांनी आपल्या आयांकडे गाठ मागितली.

शालू बाळंतिणीच्या खोलीतून उठून एकदा पेजेचा वाडगा घेऊन आली होती. पातळ, कोमट, वर मिठाची कणी. बायजाने तो दारातूनच परत पाठवला. "डाकतरानं नको सांगितलंय गं. मी कानानं ऐकलंय." शालू नवऱ्याकडे बघून परत फिरली. राघोनेही मान हलवली. त्यानेही ऐकलं होतं. कोरडी ठेवजो, हेच शब्द होते. बायजाचा नवरा आनंदा मात्र जेवताना पोरीच्या ताटाकडे बघून हळूच म्हणाला होता की अशी भाकरी त्याच्या घशाखाली उतरायची नाही. बायजा म्हणाली, तुमच्या मानेला गाठ आली म्हंजे बघू. आनंदा हसला. तो मुळात पखवाजाशी जास्त बोलायचा, माणसांशी कमी.

चैत्रातलं ऊन तापायला लागलं होतं. उल्हास नदीचं पात्र खडकांपर्यंत खाली गेलं होतं आणि दुपारी अंगणातली माती तव्यासारखी व्हायची. हनुमान जयंतीच्या आदल्या सकाळी रतन उठली ती उठलीच नाही म्हणायची. डोळे उघडले, पुन्हा मिटले. बायजाने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच राहिला. अंग कढत होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. कुरमुरे पुढे केले तर पोरीने तोंड फिरवलं.

ही गोष्ट लपवायचं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. पण गोदा मागेच उभी होती.

मग घर कसं फिरलं ते बायजाने बसल्या जागेवरून बघितलं. गोदा तडक धाकूच्या घराकडे गेली. राघो आधी म्हणाला की आजच्या आज ठाण्याला नेऊ, मग म्हणाला की एवढ्या उन्हात पोर गाडीत टिकायची नाही, आणि मग तिथेच खाली बसला. ठाण्यातच खोपटला शालूचा मामा राहत होता, त्याच्याकडे निरोप धाडावा का, यावर थोडं बोलणं झालं. निरोप पोचून डॉक्टर काय म्हणतो ते कळेपर्यंत पुढचा दिवस उजाडला असता. धाकू आला. त्याने रतनच्या मनगटावर बोटं ठेवली, गालावर ठेवली, पट्टीच्या कडेने चाचपून बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. पोरीच्या केसांवरून त्याने हळूच हात फिरवला.

"जखमेनं आत धरलंय," तो म्हणाला. "आज संध्याकाळी बुवांचं कीर्तन हाय. देवाचं होऊ दे. उद्या मारुतीचा जन्म झाला की डाग दिऊ. उशीर केला तर मग मला दोष दिऊ नका."

बायजाने राघोकडे बघितलं. राघो जमिनीकडे बघत होता. तिने शालूकडे बघितलं. शालू पाळण्याची दोरी धरून उभी होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"वयनी, तुमी सांगितलंत तसं सगळं केलं आमी. आता काकांना करू द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

दुपार कलली. देवळातल्या कीर्तनाची तयारी नेहमीप्रमाणे याच ओसरीवर चालली होती, कारण पखवाज या घरचा होता. आनंदाने तो मांडीवर घेतला आणि बायकोकडे कणीक मागितली. या घरात गहू वर्षभरात एवढ्याचसाठी यायचा. पोटाला तांदूळ, पखवाजाला गहू. बायजाने परातीत मूठभर पीठ घेतलं आणि डोळ्यांतलं पाणी त्यात पडू नये म्हणून मान वळवून मळलं. आनंदाने तो ओला गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, अंगठ्याने गोल फिरवत बसवला, वर पाण्याचा हात फिरवला. थाप दिली. आवाज घुमला तो पार गोठ्यापर्यंत गेला.

रतन घोंगडीवर पडल्या पडल्या बघत होती. तिचे डोळे कणकेवर नव्हते. आनंदाच्या बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या वाटीवर होते.

"मोठे बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्याला पाणी कशाला देता? त्याला पण कोरडं ठेवा ना. तो बरा होऊ दे."

आनंदा हसला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण पोर आजारी होती म्हणून त्याने नीट उत्तर दिलं. "याचं हे उजवं तोंड हाय ना बाय, शाईचं, ते कोरडं पायजे. त्याच्यावर थेंब पडला की गेलं. पण डाव्याला पाणी पाजलं नाय तर त्यो बोलनार कसा? दोन्ही तोंडं सुकवली तर नुसतं लाकूड राहतं मग."

बायजा परात धुवायला निघाली होती. ती उंबऱ्यात थांबली.

तिच्या मनात काय झालं ते सांगायचं तर पुष्कळ सांगता येईल, पण त्या क्षणी तिला फक्त एवढं दिसलं: डॉक्टरचं उंच केलेलं बोट. ते बोट पोरीच्या तोंडाकडे नव्हतं. पट्टीकडे होतं.

"भावजी," तिने राघोला हाक मारली. "डाकतर कोरडी ठेवजो बोलला, तवा त्याचा हात कुठं होता?"

राघो बुचकळ्यात पडला. मग त्याने नकळत स्वतःचा हात उचलला आणि आपल्याच मानेपाशी नेला. तिथेच धरून ठेवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

बायजाने परात खाली ठेवली आणि वाटी उचलली. कणकेचं पाणी होतं, ते ओतून टाकलं, माठातलं घेतलं, रतनचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीने पहिला घोट घेतला आणि घाबरून तिच्याकडे बघितलं, की ही आता वाटी काढून घेणार. बायजाने वाटी काढून घेतली नाही.

माणसं जमली तेव्हा तिने झाकून काही ठेवलं नाही. सासू, चुलत सासरा, दीर, जाऊ, सगळ्यांपुढे ती म्हणाली, "पट्टी कोरडी ठेवायची होती. मी पोर कोरडी ठेवली. हा ताप जखमेचा नाय, माझा हाय. मामंजी, डाग द्यायचा तर मला द्या."

"पेज पाजून ताप उतरतो व्हय?" धाकू म्हणाला.

"कीर्तन संपेस्तोवर थांबा. नाय उतरला तर मी स्वतः पोरीला धरून बसेन."

धाकूने गोदाकडे बघितलं. गोदाने कमरेचा पदर घट्ट खोचला आणि शालूला म्हणाली, "बघत काय उभी राह्यलीस? पेज टाक."

त्या संध्याकाळी बुवांनी कीर्तनाला रंग आणला म्हणतात. बायजाला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. देऊळ घरासमोरच, त्यामुळे ओसरीवर बसून ती पळीपळीने पेज भरवत होती आणि आनंदाचा पखवाज ऐकत होती. पूर्वरंग झाला. रतनने ताक मागितलं. मधल्या भजनात पोरीच्या कपाळावर घाम फुटला आणि बायजाने तो पुसला नाही, तसाच राहू दिला, देवाने लावलेल्या बुक्क्यासारखा. उत्तररंगात मारुतीराया डोंगर घेऊन निघाले तेव्हा रतन उठून बसली आणि म्हणाली, "मोठी बय, मला परसात जायचंय."

सकाळपासून पोर एकदाही गेली नव्हती. गोदा स्वतः तिला हाताला धरून घेऊन गेली. परत आली ती थेट देवळाच्या दारात, आणि बुवा श्वास घ्यायला थांबले नेमके तेव्हाच तिचा आवाज सगळ्या मंडपात घुमला.

"आनंदा, पोर मुतली रे."

मंडप हसला. बुवा जाणते; त्यांनी टाळ उचलले आणि मारुतीरायाचा जयजयकार करून घेतला. आनंदाने अशी थाप दिली की कणीक उडून पहिल्या रांगेत बसलेल्या धाकूच्या धोतरावर पडली.

बुधवारी पट्टी सोडली तेव्हा टाक्यांची जागा कोरडी ठणठणीत होती. बायजाने डॉक्टरला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो हसेल असं तिला वाटलं होतं; तो हसला नाही. कपाळाला हात लावून काहीतरी गुजरातीत म्हणाला आणि रतनला आपल्या हाताने पेलाभर पाणी पाजलं. मुंबईचं उत्तर आलं होतं. गाठ चांगल्या जातीची. औषध घ्यायचं, दूधतूप खायचं, हळूहळू जिरेल. दुसरा चिरा नको. "नीट ऐकली ना?" त्याने विचारलं, आणि बायजाने त्याच्याकडून प्रत्येक वाक्य दोनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर राघोने ते अंगणात उभं राहून सांगितलं. गोदाने देवापुढे गूळ ठेवला. शालू आत गेली, पाळण्यातलं तान्हं उचलून आणलं आणि बायजाच्या मांडीवर ठेवून चुलीकडे वळली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, त्याच्या तोंडात पळी घालू नका म्हंजे झालं. बायजाने तान्ह्याच्या पोटात तोंड लपवलं.

दिवे लागायच्या सुमाराला ती परसात भांडी घासत होती तेव्हा धाकू आला. खाकरला. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उठून उभी राहिली.

"बस, बस." तो स्वतः आंब्याच्या बुंध्याशी टेकला. इकडचं तिकडचं बोलला, म्हशीचं, पावसाचं. मग आवाज खाली करून म्हणाला, "सूनबाय, तो डाकतर डोळं पण बघतो का?"

"कुणाचं, मामंजी?"

"माझंच. दोन पावसाळं झालं. समोर पीठ उडाल्यागत दिसतं सगळं. कुणाला बोललो नाय."

बायजाने आजवर या माणसाच्या पायांकडेच बघितलं होतं. सुनेने सासऱ्याच्या तोंडाकडे बघायची या घरात रीत नव्हती. आज तिने मान वर केली. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरली होती. तिला रतनच्या कानाखालची, याच डोळ्यांनी लाल सळई टेकायची होती ती जागा आठवली, टाक्यांच्या शेजारून जाणारी निळी शीर आठवली. हातातली राख गळून पडली. मारुतीराया, एवढंच ती मनात म्हणाली.

धाकूला तिचं तोंड दिसत नव्हतं. तो वाट बघत होता.

"बघतो," ती शेवटी म्हणाली. "येत्या बुधवारी भावजी नेतील तुमाला. मी येईन सोबत. डाकतर काय सांगतो ते ऐकायला कुनीतरी पायजे ना."

धाकूने विचार केला.

"शालूला पण घे," तो म्हणाला. "तू एकटीनं ऐकलंस तर माझं काय होईल ते सगळ्या गावानं बघितलंय."